घाट उघडा आहे का

नारीनमध्ये रात्रीचे अडीच. बाहेर उणे सत्तावीस.
रस्ते खात्याच्या कचेरीत कोळशाच्या शेगडीला पाठ लावून
बुरुल बसली आहे.
समोर पांढरं पान, त्यावर एकच ओळ:
पाचशे दोन. दरवाजा खराब.

जुनं यंत्र मंगळवारी गेलं.
अकरा वर्षं टेबलाखाली गुरगुरत
घाटाची बातमी देत होतं:
उघडा, बंद, चाकांना साखळ्या लावून या.
नव्या यंत्रावर नवं लिनक्स. पायथन तिनंच लिहिलेला,
ओळ न् ओळ तीच.
आणि तरीही.

फोन वाजतो. इमानअली, बावीस टन कांदे घेऊन
शेवटच्या पेट्रोलपंपावर उभा.
"पान उघडत नाही, एजे. घाट उघडा आहे का?"
"संध्याकाळी होता."
संध्याकाळी होता, हे उत्तर नव्हे,
दोघांनाही माहीत आहे.
"इंजिन चालू ठेव," ती म्हणते. "बघते."

नोंदी उलट्या वाचायच्या, खालून वर.
फ्लास्क सापडत नाही म्हणे.
काल दुपारी स्वतःच्या हातानं बसवला की!
हातानं चालवला तर चालतो,
सेवा म्हणून उठवला की पहिल्याच पायरीवर कोसळतो.
सेवेच्या फाइलीत पत्ताच दुसऱ्या पायथनचा:
एक घरचा, एक गावचा,
नाव एक, चुली वेगळ्या.
पत्ता बदलला. सेवा उठवली. हिरवा ठिपका.
ती हसली, जरा लवकरच.

पाचशे दोन.

चहात मीठ घातलं की नाही, आठवत नाही. पुन्हा घातलं.
आता एनजिन्क्सची तक्रार: सॉकेटपाशी पोचलो,
तेरा, परवानगी नाही.
तेरा! मग घे परवानगी.
सातशे सत्याहत्तर.
ये, वाच, लिही, चालव, घर तुझंच समज.
एवढं तर तिनं नवऱ्यालाही कधी दिलं नव्हतं.

तेरा. परवानगी नाही.

घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?
बाहेर खरंच एक घोडं फुरफुरतं, पहारेकऱ्याचं,
पाठीवर गोणपाट, मिशांवर बर्फ.
ती काचेतून त्याच्याकडे बघत राहते
आणि तिला वडील आठवतात. ते बर्फ ढकलणारं यंत्र चालवायचे.
म्हणायचे, वरचा घाट मी लोण्यासारखा साफ करतो गं,
पण खालचा नाका बंद असला
तर कोणासाठी?

मग ती पत्ता रस्त्यासारखा वाचते, एकेक गाव थांबत.
मूळ: जा.
होम: जा.
बुरुल:

इथे परक्यासाठी तीन आडव्या रेघा.
तिच्याच नावाचं घर.
नव्या लिनक्सनं आतून कडी घालून दिलेलं,
न विचारता, तिच्याच भल्यासाठी.
आत सगळी दारं सताड उघडी,
आणि फाटकाबाहेर एनजिन्क्स
तीन दिवस टोपी हातात धरून उभा.

एक अक्षर पुरलं.
वाचू नकोस, कशाला हात लावू नकोस,
फक्त अंगणातून पलीकडे जा.
मग रागाच्या भरात वाटलेलं सातशे सत्याहत्तर
तिनं गुपचूप परत घेतलं, लागेल तेवढंच ठेवलं.

पान उघडलं.
वरच्या चौकीतला सागिन रेडिओवरून आकडे पाठवतो,
ते तीनही दिवस आत साठतच होते,
शेवटचा दोन वाजून चाळीस मिनिटांचा:
वारा ताशी ऐंशी, तिसऱ्या वळणावर कडा खाली आलाय.
मोठ्या लाल अक्षरांत:

बंद.

इतकं कष्टानं उघडलेलं पान, आणि हे.
ती लाल अक्षराकडे बघत उभी राहिली,
मिठाचा चहा संपवला, सगळा, तोंड वाकडं करत.
खाली पंपावर कोणीतरी इंजिन बंद केलं असावं.
फोन वाजला नाही.